चौपट सरडा उडत नाही : वर्षावनातल्या सरपटणाऱ्यांच्या मॉडेल्सच्या नोंदी

३ जून

काम असं आहे : प्रदर्शनाच्या एका दालनात वर्षावनातल्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या करामती हाताने चालवता येतील अशा मॉडेल्समधून दाखवायच्या. पेंढा भरलेले नमुने नकोत, जिवंत प्राणी तर नकोतच. बघणाऱ्याने दोरी ओढावी, दांडा फिरवावा आणि काय होतं ते स्वतः बघावं. यादी ठरली : उडता सरडा (ड्रॅको), शॅमेलिऑनची जीभ, पाण्यावरून पळणारा बॅसिलिस्क, मादागास्करची पानशेपटी पाल, चापडा या विषारी सापाचा उष्णता टिपणारा खळगा, पालीचं पाऊल. उडत्या सापाचं जमलं तर.

दालन लांबलचक आहे. मागे उभ्या असलेल्यालाही दिसायला हवं, म्हणून सगळी मॉडेल्स चौपट आकाराची करायची असं बैठकीत ठरलं. कुणीच हरकत घेतली नाही.

८ जून

ड्रॅकोपासून सुरुवात. याचे पंख म्हणजे हात नव्हेत, बरगड्या आहेत. पाच ते सात जोड्या लांबच लांब वाढलेल्या आणि त्यांच्यावर ताणलेला कातडीचा पडदा. बसला की पडदा मिटून अंगाला चिकटतो, सरडा सालीचाच एक तुकडा वाटतो. मॉडेलसाठी बांबूच्या कामट्या तासून बरगड्या केल्या, पडद्याला पातळ नायलॉनचं कापड, धड थर्माकोलचं. कामट्या वाकवायला मेणबत्तीची धग पुरते, पण घाई केली की काळ्या पडून तडकतात. आधी रात्रभर भिजवा, मग धग द्या.

१२ जून

गॅलरीतून सोडला. धोंड्यासारखा खाली. नाकाला माती लावून, शेपटी लांब करून, पडदा रुंद करून पाहिला, तऱ्हा तीच. नाक खाली, आणि जमिनीला टेकायच्या जरा आधी किंचित वर उचलल्यासारखा होतो. म्हणजे तरंगायची इच्छा आहे, वेळ मिळत नाही.

१३ जून

कागदावर मांडल्यावर उलगडा झाला. लांबी चौपट केली की पंखाचं क्षेत्रफळ सोळापट होतं, पण वजन चौसष्टपट. पंखाच्या दर चौरस सेंटिमीटरवर चौपट भार. तो पेलायला वेग दुप्पट लागतो आणि तेवढा वेग अंगात यायला चौपट उंचीवरून पडावं लागतं. जंगलात झाडं उंच असतात, आमची गॅलरी नाही.

खुद्द ड्रॅकोंनाही हे चुकलेलं नाही. या कुळात बारक्याही जाती आहेत आणि थोराडही, पण थोराड जातींचे पंख वजनाच्या मानाने वाढलेले नाहीत, त्यामुळे त्या जास्त उतारावर तरंगतात, बारक्यांइतकं त्यांना जमत नाही. अमेरिकेच्या जिमी मॅक्ग्वायर आणि रॉबर्ट डडली यांनी हे मोजून दाखवलं आहे. बैठकीच्या आधी एवढं वाचलं असतं तर नायलॉनचं कापड वाचलं असतं.

१७ जून

खऱ्या मापाचा ड्रॅको : शेपटीसकट वीतभर. बरगड्या म्हणून काडीएवढ्या कामट्या, पडद्याला पतंगाचा कागद, धडाला बालसा लाकडाची पट्टी, नाकाशी मातीचा कण. तरंगला! गॅलरीतून निघून समोरच्या भिंतीपर्यंत गेला.

पण पडद्याची पुढची कड फडफडते. फडफड सुरू झाली की एक बाजू बसते आणि मॉडेल गिरकी घेतं. कडेला दोरा लावला, वजन वाढलं. कडेला कामटी लावली, पडदा मिटेना. आणि आमच्या मॉडेलची अट अशी की कळ दाबली की मिटलेला पडदा उघडला पाहिजे.

२० जून

उपाय सरड्याकडेच होता. २०१७ साली डेहलिंग या जर्मन संशोधकाने कर्नाटकात सह्याद्रीतल्या आगुंबेजवळ ड्रॅको डुसुमेरीच्या उड्या कॅमेऱ्यात टिपल्या. उडी मारल्यावर क्षणात सरडा पुढचे दोन्ही पाय मागे नेतो आणि पडद्याची पुढची कड पंजात धरतो. तोवर आपण सगळे चित्रांत ड्रॅकोचे हात मोकळे, पुढे पसरलेले काढत होतो. आमच्या सांगाड्यातही ते तसेच होते, शोभेपुरते.

आता हात बारीक स्टीलच्या तारेचे केले. खांद्याशी सुटे, टोकाला वाकवलेला आकडा, तो पडद्याच्या पुढच्या कोपऱ्यातल्या भोकात अडकवलेला. रबर सुटलं की बरगड्या उघडतात आणि हात कड पुढे ताणून धरतात. फडफड जवळजवळ गेली. शिवाय तारेची जागा थोडी हलवली की मॉडेल डावी-उजवीकडे वळतं. सरडाही बहुधा तसाच वळत असणार.

कागद टिकत नाही. साचा करून ठेवलाय, फाटला की नवा कापायचा. वजन चार ग्रॅमच्या वर गेलं तर ते मॉडेल बाद.

२४ जून

मागच्या रांगेचं काय? दालनाच्या दोन टोकांना कॅमेरा आणि मोठा पडदा. उडी हळू करून तिथे दाखवायची. इतकी सोपी गोष्ट आधी कुणाला सुचली नाही, कारण सगळ्यांच्या डोक्यात ‘मोठं म्हणजे दिसतं’ बसलं होतं. पुढचं ठरलं : ज्याचा फक्त आकार दाखवायचाय ते खुशाल मोठं करा, ज्यात वजन, वेग किंवा पकड आहे ते खऱ्या मापाचंच ठेवा.

१ जुलै

शॅमेलिऑनची जीभ. पहिला विचार स्प्रिंगचा : नळीत स्प्रिंग दाबायची, पुढे चकती, कळ सोडली की सुटते. अर्ध्या दिवसात झाली, झकास सुटते, आणि पूर्ण चुकीची आहे. जीभ मागून ढकलली जात नाही. जिभेच्या आत एक निमुळतं, गुळगुळीत हाड असतं. त्याभोवती गोल स्नायू, आणि स्नायू व हाड यांच्या मध्ये कोलॅजनच्या एकात एक बसलेल्या नळ्या. स्नायू आवळतो, नळ्या ताणल्या जाऊन जोर साठवतात, आणि मग सगळं गुंडाळं हाडाच्या टोकावरून सटकतं. ओला चिंचोका बोटांत दाबल्यावर जसा निसटतो तसं. स्प्रिंगवालं मॉडेल कपाटात टाकलं.

४ जुलै

लेथवर स्टीलचा दांडा तासून घेतला, टोकाकडे निमुळता. त्यावर सिलिकॉन रबराची आखूड नळी, दांड्यापेक्षा अरुंद. जाड भागावर ती ताणून बसते. अंगठ्याने उतारापर्यंत सरकवली की पुढचं काम रबर स्वतः करतं. करायला हवं. आमची नळी उतारावरच चिकटून बसली. रबर आणि कोरडं स्टील यांची जोडी म्हणजे ब्रेकच.

५ जुलै

मशीनचं तेल लावलं. पहिल्या काही वेळा सुटली. संध्याकाळपर्यंत रबर फुगून ढिलं झालं. सिलिकॉनचं तेल लावू नका, सिलिकॉन रबर ते पिऊन फुगतंच. शेवटी ग्लिसरीन. रबराला अपाय नाही, सुकत नाही, हाताला लागलं तरी चालतं. दांड्याला आधी बारीक पॉलिश पेपर, मग पितळ चमकवायची पेस्ट. फरक त्यानेच सगळ्यात जास्त पडला.

९ जुलै

इथेही लहानाचीच सरशी. २०१६ साली क्रिस्टोफर अँडरसन यांनी शॅमेलिऑनच्या अनेक जातींच्या जिभा मोजल्या. सगळ्यात जोरकस निघाला टांझानियाच्या उसंबारा डोंगरातला बोटभर रॅम्फोलिऑन : जिभेचं त्वरण (दर सेकंदाला वेगात होणारी वाढ) सेकंदाला सेकंदाला सुमारे २,५९० मीटर, म्हणजे गुरुत्वाच्या अडीचशे पटींहून जास्त. मोठ्या जातींच्या जिभा त्यापुढे संथ. आम्हीही दोन मापांचे दांडे केले. जाड दांड्यावरची नळी सुटायला डोळ्यांना दिसते. बारीकवरची दिसतच नाही, फक्त समोरच्या पाटीवर टक् असा आवाज येतो. दोन्ही शेजारी शेजारी ठेवले. माणसं जाड दांडा एकदा चालवतात आणि बारीकवर रेंगाळतात.

आणखी एक प्रयोग सहज केला. नळी फ्रिजमध्ये गार केली आणि सोडली. वेगात फरक जाणवला नाही. नुसता स्नायू गारठला की मंदावतो, पण ताणून साठवलेला जोर थंडीला फारसा जुमानत नाही, म्हणून गार सकाळीही शॅमेलिऑनची जीभ चालते. आमचं रबर म्हणजे कोलॅजन नव्हे, तरी मुद्दा पोचतो. टेबलाखाली बर्फाचा डबा ठेवतोय.

११ जुलै

जिभेच्या टोकाचा चिकटपणा. शॅमेलिऑनच्या जिभेवरचा चिकटा माणसाच्या लाळेपेक्षा सुमारे ४०० पट घट्ट असतो, असं २०१६ सालीच बेल्जियम आणि फ्रान्सच्या संशोधकांनी मोजलं. आम्ही साखरेचा घट्ट पाक लावला. कागदाचा किडा छान उचलला जातो. दुसऱ्या दिवशी टेबलावर खऱ्या मुंग्यांची रांग. पाक रद्द, तिथे मऊ सिलिकॉन जेलचं बटण. धूळ बसली की पाण्याने धुऊन पुन्हा चिकटतं.

जीभ परत ओढून घ्यायला नायलॉनचा दोरा आणि हाताने फिरवायची रीळ. खरी जीभ परत येताना तिचा स्नायू आत घड्या घालून बसतो. ते दाखवण्याच्या फंदात पडलो नाही.

१८ जुलै

बॅसिलिस्क. सगळ्यांना पाण्यावर धावणारं खेळणं हवं होतं. त्याच्या नादाने आठवडा गेला, हाती काही लागलं नाही. मोटर, बॅटरी, दोन पाय आणि तोल सांभाळायला शेपटी एवढं बसवलं की बुडण्याइतकं वजन होतंच.

मध्य अमेरिकेतल्या ओढ्यांकाठच्या या सरड्याचा हिशोब ग्लाशीन आणि मॅकमहन यांनी १९९६ साली मांडला. दोन ग्रॅमचं पिल्लू पाय आपटून आपल्या वजनाच्या सव्वादोनपट जोर काढू शकतं, २०० ग्रॅमचा थोराड सरडा जेमतेम १११ टक्के. म्हणजे पिल्लाला उधळायला मुबलक, मोठ्याला काठावर पास. माणसाला हे करायचं तर सेकंदाला ३० मीटरच्या वेगाने पाय हाणावे लागतील, आणि तेवढी ताकद आपल्या मांड्यांत नाही. खेळणं इथेच थांबवलं. फक्त एक पाय आणि पाण्याची टाकी दाखवायची.

२३ जुलै

ॲक्रिलिकची टाकी. सांधे सुपरग्लूने जोडू नका, पांढरे पडतात आणि गळतात. क्लोरोफॉर्मने जोडले, खिडक्या उघड्या ठेवून, तोंडाला मास्क लावून, आणि दुसरं माणूस जवळ असतानाच. आधीच्या टाकीने रात्रीतून कार्यशाळेची फरशी धुऊन काढली होती.

पायाची हालचाल तीन टप्प्यांची : आधी सपाट तळवा पाण्यावर आपटतो, मग खाली-मागे रेटतो. तळव्याच्या मागे पाण्यात हवेची पोकळी तयार होते. ती मिटायच्या आत पाय त्या पोकळीतूनच वर काढायचा. उशीर झाला की पाणी पायावर मिटतं आणि त्याला खेचून धरतं. दांडा, दोन जोडपट्ट्या आणि एक भोकाची चकती यांतून ही वाट जमवली.

२६ जुलै

खऱ्या मापाच्या पायाने पोकळी पडते, पण सेकंदाच्या दहाव्या भागाच्याही आत मिटते. हाताने दांडा फिरवून ती गाठणं कुणाला जमेना. इथे आमचाच नियम मोडला : पाय मोठा केला. पोकळी मिटायला लागणारा वेळ पायाच्या मापाबरोबर हळूहळू वाढतो, चौपट पायाला दुप्पट वेळ. हाताच्या वेगाला तो सोसतो. वजन पेलायचंच नसल्यामुळे मोठ्या पायाने बिघडत नाही. पाटीवर ‘पाय चौपट’ असं ठळक लिहिलंय.

आणि हे सगळ्यांत चांगलं चाललेलं टेबल आहे. दांडा भराभर फिरवला तर पाय फट्‌फट् करत मोकळा निघतो. जरा आळस केला की पाणी पाय पकडतं आणि दांडा हातात जड होतो. समजावून सांगावं लागत नाही, मनगटालाच कळतं.

दुरुस्त्या : टाकीच्या आतल्या भिंतींना स्पंजच्या पट्ट्या लावल्या, नाहीतर आधीच्या लाटा पुढची पोकळी मोडतात. मागून पांढरा दिवा, म्हणजे पोकळी चकाकून दिसते. मागच्या बोटांच्या कडेच्या झालरी पातळ रबराच्या केल्या. खाली जाताना उघडतात, वर येताना मिटतात.

३ ऑगस्ट

पालीचं पाऊल. हे बनवलं नाही, बनवता येणारही नाही. टोके नावाच्या पालीच्या तळव्यावर एका चौरस मिलिमीटरमध्ये सुमारे १४,००० केस असतात आणि प्रत्येक केसाच्या टोकाला शेकडो चपटे फाटे. पकड गोंदाची नाही. रेणू रेणूंना अगदी जवळून जे ओढतात त्या व्हॅन डर वाल्स बलाची आहे. केलर ऑटम आणि सहकाऱ्यांनी २०००मध्ये एकेका केसाचा जोर मोजला आणि २००२मध्ये हे कारण पक्कं केलं. मोठा फोटो लावला, खाली चिकटपट्टी. काचेवर लावलेली पट्टी लांबीच्या दिशेने ओढा, हलत नाही. कडेने उचला, सुटते. पाल बोटं टोकाकडून वर वळवून तेच करते. पट्टीचा दोष एवढाच की ती धूळ धरते, पालीचे केस चालता चालता स्वच्छ होतात.

‘मग माणूस भिंतीवर का चढत नाही’ हे प्रत्येक जण विचारतो, म्हणून एक ओळ जोडली : आपल्या वजनाला अंगाचा सुमारे ४० टक्के भाग चिकट गादीने मढवावा लागेल. केंब्रिजच्या मंडळींचा २०१६चा हिशोब आहे. पुन्हा तेच वजन आणि तेच क्षेत्रफळ.

८ ऑगस्ट

पानशेपटी पाल, यूरोप्लॅटस. मादागास्करच्या ओल्या जंगलात दिवसभर खोडाला डोकं खाली करून चिकटून असते. रंग सालीसारखा आहेच, पण खरी चलाखी कडेला आहे. जबड्यापासून कुशीपर्यंत कातडीची दातेरी झालर, ती सालीवर सपाट दाबून बसते. त्यामुळे अंग आणि साल यांच्या मध्ये सावलीची रेघ पडत नाही, आणि शिकाऱ्याचा डोळा नेमकी तीच रेघ शोधत असतो.

खऱ्या सालीवर दोन सिलिकॉनच्या पाली बसवल्या, एक झालरीची, एक बिनझालरीची. रंग दोघींना एकाच डब्यातला. पहिल्या दिवशी दोघीही सारख्याच ठळक दिसल्या.

१० ऑगस्ट

कारणं दोन. झालरीची कड दोन मिलिमीटर जाड होती, म्हणजे तिचीच सावली पडत होती. काचेच्या तुकड्यावर ठेवून ब्लेडने तासत गेलो, कडेला कागदापेक्षा पातळ, आतल्या बाजूला हळूहळू जाड. तासताना एका जागी पहिल्यांदा रेघ नाहीशी झाली : कुशीजवळ, बोटाच्या पेराएवढ्या लांबीत. तिथे पाल कुठे संपते आणि साल कुठे सुरू होते ते नखाने चाचपल्याशिवाय कळेना, आणि बाकी सगळीकडे ती अजून चित्रासारखी उठून दिसत होती. तो अर्धवट तुकडा इतका बोलका होता की तिसरी पाल मुद्दाम तशीच, अर्धी तासलेली ठेवली.

दुसरं कारण दिवे. दालनात चहूबाजूंनी प्रकाश आहे, त्यात सावली कुणाचीच नीट पडत नाही आणि तुलनाच उरत नाही. टेबलावर पेटी बांधून एकाच बाजूने तिरपा दिवा दिला, तो हाताने फिरवता येतो. कोणत्याही कोनात झालरीवाली हरवते.

१६ ऑगस्ट

चापड्याचा खळगा. डोळा आणि नाकपुडी यांच्या मध्ये एक खोलगट भोक, आत ताणलेला अतिपातळ पडदा. गरम रक्ताच्या भक्ष्याकडून येणारी उष्णता तो अंधारातही टिपतो. त्यामागची टीआरपीए१ ही मज्जातंतूंवरची प्रथिनाची खिडकी २०१०मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने शोधली. दक्षिण अमेरिकेतल्या पाचूबोआला आणि न्यू गिनीच्या हिरव्या अजगराला हे खळगे ओठांवर असतात. चापड्यापासून अगदी वेगळ्या घराण्यांतले साप, तोडगा एकच.

मॉडेल : सापाचं डोकं चौपट (यात फक्त आकार आहे, चालतं), खळग्यात बाजारात मिळणारा उष्णता-सेन्सर, समोर कोमट पाण्याची बाटली म्हणजे उंदीर. उंदीर ज्या बाजूला त्या बाजूचा दिवा लागतो. कार्यशाळेत उत्तम चाललं.

२१ ऑगस्ट

मुलं बोटं घालतील म्हणून खळग्यावर काचेची चकती बसवली आणि साप आंधळा झाला. सेन्सर बदलला, जोडण्या तपासल्या, सगळा दिवस गेला. दोष काचेचा. डोळ्याला आरपार दिसणारी साधी काच शरीरातून निघणाऱ्या उष्णतेच्या लहरींना भिंतच आहे. सेन्सरला उंदीर दिसतच नव्हता, काचेचं तापमान दिसत होतं. काच काढून पॉलिथिनच्या पिशवीचा पातळ तुकडा ताणून लावला, लगेच चालू. ॲक्रिलिकही नको, तेही अडवतं.

मुलांनी वापरून पाहिल्यावर वेगळीच अडचण आली : साप बाटली सोडून मुलांकडेच वळतो. हात आणि चेहरा कोमट बाटलीपेक्षा जास्त उष्णता फेकतात. आधी आडपडदा लावायचा विचार होता. मग उलट केलं, बाटली काढली, उंदीर मुलांनाच केलं. टेबलापुढची गर्दी वाढली.

३० ऑगस्ट

उडत्या सापाला वेळ मिळाला. क्रायसोपेलिया बरगड्या फाकवून अंग जवळजवळ दुप्पट रुंद आणि खालून खोलगट करतो, आणि हवेत नागमोडी वळत तरंगतो. अख्खा साप आम्ही उडवणार नव्हतो. जेक सोचा यांच्या अभ्यासातही छोटे साप मोठ्यांपेक्षा चांगले तरंगतात, म्हणजे मोठं करायचा प्रश्नच नव्हता. फक्त अंगाचा आडवा छेद, खऱ्या मापात थ्रीडी प्रिंट करून, पंख्याच्या झोतात तराजूवर.

पंख्याची हवा भोवऱ्यासारखी गरगरत येते, काटा ठरेना. शेकडो स्ट्रॉ एकमेकींना चिकटवून जाळी केली आणि पंख्यापुढे लावली, हवा सरळ झाली. छेद हाताने कलता करता येतो. कल वाढवत गेलं की उचल वाढते, आणि सापाच्या बाबतीत ती ३५ अंशांच्या आसपास शिगेला जाते. विमानाच्या पंखाचा छेद शेजारी ठेवला आहे. तो त्याच्या कितीतरी आधी मान टाकतो. आमच्या तराजूवर साप ३५ला नाही, ३०च्या जवळ शिगेला जातो. प्रिंटच्या पायऱ्या पायऱ्यांच्या पृष्ठभागामुळे असेल. पुट्टी लावून घासून पुन्हा मोजायचंय.

६ सप्टेंबर

दालन उघडलं. देखभाल करणाऱ्यांसाठी : ड्रॅकोचे कागद रोज सकाळी तपासा, दमट हवेत ते सैल पडतात, मग फडफड परत सुरू होते. ग्लिसरीन दुपारी एकदा. बॅसिलिस्कच्या टाकीचं पाणी आठवड्यातून एकदा बदला, स्पंज पिळून उन्हात वाळवा. चापड्याचं पॉलिथिन मुलं नखाने फोडतात, ड्रॉवरमध्ये कापून ठेवलेले तुकडे आहेत. काच लावू नका.